सुई वेगळी, पुडी वेगळी

इंदूरच्या मराठी घरांत शुगरचे आकडे हवापाण्याच्या गप्पांसारखे निघतात. लोकमान्य नगर, रामबाग, सुदामा नगर, कुठेही साठीपुढचे चार जण बसले की उपाशीपोटीची किती, जेवणानंतरची किती, हे होतंच. हल्ली त्यामागोमाग पोटाचं गाऱ्हाणं येतं. दोन घासांत पोट भरतं, दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिल्यासारखं वाटतं, सकाळी उलटी झाली तर तीत रात्रीचा भात दिसतो. अशा पोटावर चिनी उपचार घ्यावेत का, यावरून घराघरांत आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर वाद पेटलेला आहे. एक बाजू म्हणते, पाच हजार वर्षांची विद्या आहे, अपाय शून्य. दुसरी म्हणते, चिनी मालावर भरवसा कसला ठेवता? आवाज दोघांचेही चढलेले, पण ज्याचं पोट दुखतंय त्याच्या हाती दोघांकडूनही काही लागत नाही.

माझं मत आधीच सांगतो. उपचार चिनी की विलायती हा प्रश्न दुसरा; पहिला प्रश्न, पोट खरोखरच मंद झालंय का, आणि ते मोजलं का? मोजून मंद ठरलं, तर अ‍ॅक्युपंक्चरच्या सुईला चालू उपचारांच्या जोडीने, मुदत ठरवून, संधी द्यायला हरकत नाही. कुरियरने येणाऱ्या काळ्या पुडीला आणि काढ्याच्या पाकिटाला मात्र मधुमेही माणसाच्या घरात जागा नसावी. 'चिनी औषध' या एकाच शब्दात सुई आणि पुडी कोंबल्यामुळेच हा वाद भरकटला आहे.

आधी पोटाचं. जठराचा वरचा भाग सैल पडून अन्न सामावून घेतो, खालचा भाग ते एक-दोन मिलिमीटरच्या कणांइतकं घुसळतो आणि मगच थोडं थोडं पुढे सोडतो. मिनिटाला साधारण तीन लाटा येतात. त्यांचा ठेका धरणाऱ्या खास पेशी जठराच्या भिंतीत असतात आणि त्यांच्यावर व्हेगस या मज्जातंतूचा अंमल चालतो. वर्षानुवर्षं बेताल राहिलेली साखर या पेशी आणि हा तंतू दोन्ही झिजवते. वाट कुठेही अडलेली नसताना जठर वेळेवर रिकामं होत नाही, त्याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. शिवाय त्या क्षणी रक्तातली साखर चढलेली असेल, तर निरोगी तंतू असतानाही पोट रेंगाळतं. साखर पोट बिघडवते, बिघडलेलं पोट साखर आणखी बिघडवतं.

पण पोट फुगणाऱ्या प्रत्येक मधुमेह्याला हा आजार असतो का? मुळीच नाही. अमेरिकेतल्या ऑल्मस्टेड काउंटीत केलेल्या पाहणीत दहा वर्षांच्या काळात तो टाइप १ च्या सुमारे ५ टक्के आणि टाइप २ च्या सुमारे १ टक्का रुग्णांना झाला होता. मग बाकीच्यांचं पोट कशाने बिघडतं? पुष्कळदा गोळ्यांनीच. मेटफॉर्मिनने मळमळ आणि जुलाब होतात. व्होग्लिबोज आणि अकार्बोज पिष्टाचं पचन अडवतात, ते न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन गॅस होतो. वजन उतरवायला आणि शुगरला आता सर्रास दिली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं तर मुळात पोट रिकामं होण्याचा वेगच कमी करतात. थायरॉइड मंदावलेलं असेल, मूत्रपिंड थकलेलं असेल, अल्सरचा व्रण भरताना जठराचं खालचं तोंड आक्रसलं असेल, तरी तक्रार तीच. जठराच्या कर्करोगातही तीच. आणि दोन गोष्टी तर तासांच्या हिशेबाच्या आहेत. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या घेणाऱ्याला उलट्या सुरू झाल्या तर शुगर फारशी चढलेली नसतानाही रक्तात किटोन, म्हणजे घातक आम्लं, साचलेले असू शकतात. ते त्याच दिवशी तपासायला हवेत. मधुमेह्याचा हृदयविकाराचा झटका कधी कधी छातीत न दुखता नुसत्या मळमळीने आणि पोटाच्या वरच्या भागातल्या अस्वस्थतेने येतो, तेव्हा आधी ईसीजी, बाकी सगळं नंतर.

म्हणून क्रम असा. आधी गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. मग रक्ततपासण्या, मग एन्डोस्कोपी, म्हणजे अडथळा नाही याची खात्री. त्यानंतर जठर रिकामं होण्याची चार तासांची चाचणी. किंचित किरणोत्सारी टेक्नेशियम मिसळलेलं ठरावीक जेवण देतात. मूळ पद्धतीत दोन अंड्यांच्या बरोबरीचा पांढरा बलक, ब्रेडचे दोन स्लाइस, थोडा जॅम आणि पाणी असतं. मग खाल्ल्याबरोबर, एका तासाने, दोन तासांनी आणि चार तासांनी कॅमेऱ्याने मोजतात. दोन तासांनी ६० टक्क्यांहून जास्त किंवा चार तासांनी १० टक्क्यांहून जास्त अन्न उरलं तर पोट मंद. पोटाचा वेग बदलणारी औषधं दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावी लागतात, आणि चाचणीच्या सकाळी साखर २७५ च्या वर असेल तर निकालाला अर्थ नाही. आपल्याकडे अंडं न खाणारे पुष्कळ. त्यांनी आधीच विचारून घ्यावं. शाकाहारी जेवणावरही ही चाचणी होते, पण तिथे आकडे त्या जेवणाच्या प्रमाणाने वाचावे लागतात. दीड-दोन तासांत उरकलेली चाचणी मात्र अर्धवट. चुकण्याची शक्यता तिच्यातच सर्वांत जास्त.

नाडी आणि जीभ पाहणारा वैद्य, चिनी असो की आपला, जठराचं तोंड आक्रसलंय की तंतू झिजलाय हे सांगू शकत नाही. हा त्या विद्येचा अपमान नाही. त्या विद्येचं निरीक्षण किती बारीक होतं हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. हान घराण्याच्या अखेरीस, सुमारे अठराशे वर्षांपूर्वी, झांग झोंगजिंग या वैद्याने 'हृदयाखालच्या भरलेपणा'चं वर्णन केलं: दाबलं तर मऊ, दुखत नाही, पण गच्च. त्यावर त्याने बान्शिया नावाचा कंद, सुंठ, ज्येष्ठमध, जिनसेंग, बोरासारखं एक फळ आणि दोन कडू मुळ्या अशा सात द्रव्यांचा काढा दिला. मंद पोटाच्या चिनी उपचारात आजही तोच काढा पुढे केला जातो. आपल्या वैद्यांनी अग्निमांद्य म्हणून जे टिपलं ते याचंच भावंड. पण लक्षण नेमकं टिपलं म्हणून त्यावरचं औषधही नेमकं ठरतं का? अठराशे वर्षांपूर्वी 'भरलेपणा' या एकाच नावाखाली अल्सर, कर्करोग आणि अपचन सगळे एका रांगेत उभे होते. कोण काढ्याने बरा झाला, कोण आपोआप झाला आणि कोण गेला, याची मोजदाद करायला तेव्हा साधन नव्हतं. आज आहे.

चिनी उपचारांच्या बाजूचा भक्कम मुद्दा दुसराच आहे, आणि तो मी टाळणार नाही. या आजारावर आधुनिक वैद्यकाकडे तरी काय आहे? अमेरिकेत मेटोक्लोप्रामाइड १९७९ साली मान्य झालं आणि इतक्या वर्षांत गॅस्ट्रोपॅरेसिससाठी त्याच्या तोडीला दुसरं औषध तिथे मान्य झालं नाही. त्याच औषधावर २००९ मध्ये ठळक इशारा छापावा लागला: बारा आठवड्यांहून जास्त घेऊ नका, तोंडाच्या आणि जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली कायमच्या मागे लागू शकतात. सिसाप्राइड वर्षानुवर्षं लिहून दिलं गेलं, हृदयाचा ठेका बिघडवतं म्हणून २००० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेलं, भारतात २०११ पर्यंत राहिलं. डॉमपेरिडोनलाही हृदयाचाच धोका आहे, एरिथ्रोमायसिन या पोट हलवणाऱ्या अँटिबायोटिकसोबत घेतलं तर जास्त. एरिथ्रोमायसिनचा स्वतःचा गुण काही आठवड्यांत ओसरतो. आणि लेव्होसल्पिराइड! अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये मिसळून ते आपल्या ज्येष्ठांच्या पोटात वर्षानुवर्षं जातं. मग हात थरथरू लागतात, चाल मंदावते आणि घरचे 'वयाने झालं' म्हणतात. पार्किन्सनसारखी ही अवस्था औषधाने आलेली असते, आणि औषध थांबवल्यावर पुष्कळदा उतरते. चिनी पुडीला नावं ठेवणाऱ्यांनी आधी घरातली ही कॅप्सूल उलटून मागची बारीक अक्षरं वाचावीत.

सुईच्या बाजूने याहून वजनदार साक्ष आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की मधुमेहाने आलेल्या गॅस्ट्रोपॅरेसिसमध्ये अ‍ॅक्युपंक्चर, एकटं किंवा औषधांसोबत, लक्षणं कमी करायला उपयोगी पडू शकतं. इतर कारणांनी आलेल्या आजारासाठी त्या तसं म्हणत नाहीत. म्हणजे 'सगळं थोतांड' म्हणणाऱ्यांना ही शिफारस आधी खोडावी लागेल.

पण त्या शिफारशीखालचा पुरावा किती पक्का? सूचनांतच त्याचा दर्जा अत्यंत कमी म्हटला आहे. झालेले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कोक्रेन समीक्षेत ३२ अभ्यास होते, त्यांतले ३१ मधुमेह्यांवरचे, आणि बहुतेकांनी पाहिला तो फक्त अल्पकाळचा परिणाम. औषधाशी तुलना केली तिथे सुई सरस दिसली; पण रुग्णाला न कळता खोट्या सुईशी तुलना झाली तिथे तीन महिन्यांनी लक्षणांत फरक आढळला नाही. चिनी अभ्यासांबद्दल १९९८ साली एका पाहणीत असं निघालं होतं की चीनमधून आलेला अ‍ॅक्युपंक्चरचा एकूण एक अभ्यास यशस्वीच होता. ज्या शाळेत कुणीच कधी नापास होत नाही, तिथला पेपर कोण तपासतं हे विचारायला नको का? सुईचे समर्थक यावर म्हणतात की खोटी सुईही त्वचेला स्पर्श करतेच, त्यामुळे तुलना निर्दोष नाही. मुद्दा रास्त आहे. पण मग कुठेही टोचलं तरी तेच होत असेल, तर बिंदूंच्या नकाशाचं काय करायचं?

या साऱ्या उत्साहाचं मूळही तपासण्यासारखं आहे. १९७१ च्या जुलैत न्यू यॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन यांचं अपेंडिक्स पेकिंगमध्ये काढलं गेलं. भूल नेहमीच्या इंजेक्शनने दिली होती. 'सुयांवर ऑपरेशन झालं' ही दंतकथा नंतर चिकटली. सुया आल्या त्या ऑपरेशननंतर, पोट गच्च झालं तेव्हा: उजव्या कोपरात आणि दोन्ही गुडघ्यांखाली. तासाभरात त्यांना बरं वाटलं. पोटाच्या ऑपरेशननंतर थिजलेली आतडी दोन-तीन दिवसांत आपणहून हलू लागतात, हे कोणताही सर्जन सांगेल. एका माणसाच्या एका रात्रीवर अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चरची लाट आली. गॅस्ट्रोपॅरेसिसही असाच चढउताराचा आजार. माणूस उपचाराला जातो तो सर्वांत वाईट आठवड्यात, आणि त्यानंतरचा आठवडा बहुधा बरा असतोच.

तरीही सुईला संधी द्या म्हणतो, कारण सुईत काय आहे ते दिसतं. पोलादाची बारीक तार, वीस-तीस मिनिटं, काढली की संपलं. ती यकृतातून जात नाही, मूत्रपिंडातून जात नाही, बाकीच्या आठ गोळ्यांशी भांडत नाही. व्हेगसवर तिचा परिणाम होऊ शकतो याला प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आधारही आहे. पुडीबद्दल यातलं काय म्हणता येईल?

पुडीचे समर्थक इथे आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचं औषध पुढे करतात. करावंच. तू योयो या चिनी संशोधिकेने चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात वनस्पती थंड पाण्यात भिजवून पिळण्याची ओळ वाचली, उकळल्याने गुण जात असावा हे ताडलं, कमी तापमानाला ईथरने अर्क काढला, तो आधी प्राण्यांवर, मग स्वतःवर आणि मग रुग्णांवर तपासला. २०१५ चं नोबेल त्यासाठी मिळालं. पण ते मिळालं कशाला? जुन्या ग्रंथातल्या एका ओळीतून शुद्ध द्रव्य वेगळं काढून, त्याची मात्रा ठरवून, हिवतापाचे जंतू मोजून दाखवल्याला. त्या कष्टांवर पुडीवाल्याचा काय हक्क?

त्याच परंपरेतून बेल्जियममधलं ब्रसेल्सचं प्रकरणही घडलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या वजन कमी करण्याच्या दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या जात. 'फांग-जी' या नावात गोंधळ होऊन एका मुळीऐवजी ॲरिस्टोलोकिया ही दुसरी आली. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि पुढे त्यांच्यातल्या कित्येकींना मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. द्वेषाने कुणी काही केलं नव्हतं; दोन मुळ्यांची नावं सारखी होती, इतकंच. आणि ज्या मधुमेह्याचे तंतू पोट मंदावण्याइतके झिजलेत, त्याचं मूत्रपिंडही बहुधा थकायला लागलेलं असतं. सगळ्या शहरात या पुडीचा धोका सर्वांत जास्त कुणाला, तर ज्याला ती विकली जाते त्यालाच.

दुसरा धोका मुद्दाम केलेल्या भेसळीचा. २००८ च्या पहिल्या काही महिन्यांत सिंगापूरमध्ये मधुमेह नसलेले १५० रुग्ण साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरून इस्पितळांत आले. चौघे दगावले. पौरुषवर्धक म्हणून विकल्या गेलेल्या बनावट गोळ्यांत आणि 'वनस्पतीजन्य' कॅप्सूलमध्ये ग्लिबेनक्लामाइड ही शुगरची गोळी मिसळलेली निघाली. 'पुडी सुरू केली आणि शुगर लगेच उतरली' असं कुणी आनंदाने सांगतं तेव्हा मला हे आठवतं आणि धास्ती वाटते. आणि भेसळ नसली तरी? काढ्यातलं ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर पोटॅशियम उतरवतं आणि रक्तदाब चढवतं. लघवीच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. पोटॅशियम उतरलं की आतडी आणखी मंदावतात. ज्यासाठी काढा घेतला तेच वाढवून बसायचं. त्यातल्या एका कडू मुळीतलं बर्बेरिन साखर उतरवतं आणि इतर औषधं रक्तात साचवू शकतं. 'मधुमेह बरा करतो' अशी जाहिरात तर आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानेच गुन्हा आहे, मग ती चिनी पुडीची असो, आयुर्वेदिक असो की गोळीची.

आता दुसऱ्या बाजूला. चिनी म्हणून नको, हा युक्तिवाद मराठी माणसाच्या तोंडी शोभत नाही. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या पाचांपैकी द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे आणि चोळकर नागपूरचे. कोटणीस तिथेच १९४२ मध्ये गेले. त्याच पथकातल्या डॉ. बिजय कुमार बसूंनी पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते कलकत्त्याला आणलं. महाराष्ट्राने त्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला. आणि खुद्द चीनमध्ये १९२९ साली जुनं वैद्यक बंद करण्याचा ठराव झाला होता. तो तपासणीने नव्हे, देशाभिमानाच्या मोर्चांनी मागे पडला. तिथेही वाद 'आपलं की परकं' यावरच लढला गेला, गुण येतो का हे बाजूलाच राहिलं. तीच चूक आपण इंदुरात कशाला करायची?

सुई घ्यायचीच तर पाकीटबंद, एकदाच वापरायची सुई तुमच्यासमोर फोडली जाते का, ते पाहा. नेहमीचे बिंदू तीन: गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर, मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मधोमध, आणि बेंबी व छातीच्या हाडाचं टोक यांच्या मध्यावर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, पेसमेकर असेल तर सुईला वीज जोडू देऊ नका. पायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर जळत्या वनस्पतीचा शेक, ज्याला मोक्सा म्हणतात, तो पायांवर अजिबात नको. चटका बसलेला कळत नाही, आणि अशा पायाची जखम कुठवर जाते हे मधुमेह्याच्या घरात सांगायला नको. दोन आठवडे आधीपासून वही ठेवा: मळमळ, भरलेपणा, उलट्या आणि जेवणाआधी-नंतरची साखर. आठ आठवड्यांनी वही उघडा. आकडे हललेले नसतील तर थांबवा, सुई टोचणारा कितीही मायाळू असला तरी. आणि कुणी इन्सुलिन बंद करायला सांगितलं तर त्याच पावली परत फिरा.

या आठ आठवड्यांत ताटाकडे लक्ष दिलं तर सुईहून जास्त फरक पडण्याची शक्यता आहे. स्वीडनमध्ये मधुमेही गॅस्ट्रोपॅरेसिसच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात बारीक कणांच्या आहाराने लक्षणं कमी झाली. कसोटी सोपी: काट्याने दाबल्यावर सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखं मोडेल तेच खायचं. इथे आपला नेहमीचा सल्ला उलटा पडतो. शुगरसाठी म्हणून दिलेली मोड आलेली मटकी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर, मेथीदाणे आणि इसबगोल मंद पोटात अडकतात, कधी त्यांचा गोळाही बनतो. सराफ्यातला तळलेला गराडू आणि तुपातला भुट्ट्याचा कीस म्हणजे चोथा आणि चरबी एकत्र, दोन्ही पोट थांबवणाऱ्या. घोटलेलं मुगाचं वरण, आसट भात, दुधीचं गाळलेलं सूप, ताक, असं दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी वाटीभर. जेवल्यावर दोन तास आडवं व्हायचं नाही. शतपावलीचा जुना रिवाज इथे अगदी बरोबर आहे.

इन्सुलिन घेणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत असायलाच हवी. जेवणाआधी टोचलेलं झटपट इन्सुलिन वेळेवर कामाला लागतं, पण भात अजून जठरातच असतो. आधी साखर कोसळते, तीन तासांनी चढते. इन्सुलिन जेवणानंतर किंवा दोन भागांत घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. साखर कोसळली तर पेढा किंवा बिस्किट देऊ नका, ते जठरातच पडून राहील. पातळ पेय लवकर पुढे सरकतं. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साखरपाणीही वेळेवर उपयोगी पडत नाही, कारण साखरेचं विघटन त्या गोळीने अडवलेलं असतं. तिथे ग्लुकोजच लागतं. पंधरा ग्रॅम, म्हणजे पोह्यांच्या चमच्याने तीन-चार सपाट चमचे, अर्धा कप पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. ग्लुकोजचा डबा कुठे ठेवलाय हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं, शाळकरी नातवंडालाही.